मायक्रोवेव्हमध्ये कोणतं भांडं चालते आणि कोणतं नाही, ओळखायचं कसं?

खामला_वहिनी :
आमच्याकडे कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह आला एकदाचा. मशीनची बटणं समजली, भांड्यांचं मात्र काही समजून नाही राहिलं. घरात किती प्रकार आहेत काय सांगू. सासूबाईंचा जुना मेलामाइनचा डिनर सेट (गुलाबाची फुलंवाला, अजून एक ताट फुटलं नाही), लग्नात आलेला पांढरा ओपलचा सेट ज्याला सोनेरी काठ आहे, काचेचे डबे, चिनी मातीचे मग, हॉटेलच्या पार्सलचे काळे डबे जे आम्ही धुवून ठेवतो (हसू नका, तुमच्याकडेही आहेत), आणि बाकी सगळं स्टील. मशीनसोबतच्या पुस्तकात एका ओळीत लिहिलंय, 'मायक्रोवेव्ह सेफ भांडी वापरावीत'. अरे पण तेच तर विचारून राहिली ना बाप्पा! खुणा पाहा म्हणतात, तर अर्ध्या भांड्यांच्या बुडाशी काहीच छापलेलं नाही. नवरा म्हणते काच आहे ना, मग चालते. सासूबाई म्हणतात मेलामाइन म्हणजे चिनी मातीच. कोणाचं ऐकू?

तर्रीबाज :
गॅसवर गरम करा. प्रश्न मिटला.

धरमपेठ_काकू :
तर्रीबाज, एसीच्या धाग्यावर तुम्ही 'कूलर लावा' म्हणाले होते, ओव्हनच्या धाग्यावर 'चूल मांडा'. तुमचं काय करावं कळत नाही.

वहिनी, सगळ्यात आधी मेलामाइन बाजूला काढा. ती चिनी माती नाहीच, ते प्लास्टिक आहे, दिसायला तेवढं चिनी मातीसारखं. हातात घेतलं की हलकं लागते, नखाने टिचकी मारली तर 'टक' वाजते, चिनी माती 'टण्ण' वाजते. आमच्याकडे ताईच्या सुनेनं त्यात कढी गरम केली तर ताटली इतकी तापली की हातातून सुटली, आणि कढी कोमटच. सासूबाईंना सांगा, वाढायला खुशाल वापरा, गरम करायला नाही.

संत्राबर्फी :
काळे डबे चालतात वहिनी. उलटं करून पाहा, त्रिकोणात ५ लिहिलं असेल तर पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन. ते गरम सहन करते. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, ते नाही. ६ म्हणजे थर्माकोलच्या जातीचं, ते तर बिलकुल नाही. मी ५ पाहून बिनधास्त ठेवते.

अंबाझरी_वॉकर :
@संत्राबर्फी, असहमत. तो त्रिकोण मायक्रोवेव्हसाठी नसतोच, ते प्लास्टिक कोणत्या जातीचं आहे हे भंगारात वेगळं करता यावं म्हणून असतो. ५ असलं म्हणजे मटेरियल बरं आहे एवढंच समजते. डबा जाड आहे की पातळ, त्यात काय मिसळलं आहे, हे त्या आकड्यात कुठे येते? वेगळं 'मायक्रोवेव्ह सेफ' लिहिलेलं किंवा लाटांची खूण असलेला डबा आणि नुसता ५ असलेला डबा एक नाही.

संत्राबर्फी :
पण आजपर्यंत काही झालं नाही ना.

अंबाझरी_वॉकर :
काय गरम करता त्यावर आहे. वरणभात असेल तर पाणी असते, पाणी साधारण १०० डिग्रीच्या वर जात नाही, डबा टिकून जातो. आता तुम्ही सावजी मटणाचा रस्सा ठेवा. वर बोटभर तेल. तेलाला १०० ची मर्यादा नाही, आणि पीपी साधारण १६० ला वितळते, पातळ डबा त्याच्या कितीतरी आधी नरम पडते. आमच्या ऑफिसातले डबे पाहा, जिथपर्यंत रस्सा होता तिथे आतून एक खरखरीत केशरी रेघ असते. बोट फिरवलं तर वर-खाली गुळगुळीत आणि तेवढ्या रेघेवर बारीक बारीक खड्डे. घासून निघत नाही. ती हळद नव्हे, डब्याची कातडी गेली असते तिथली. साखरेच्या पाकाचंही तसंच, शिरा नाहीतर जिलेबी ठेवून पाहा.

तर्रीबाज :
सावजी रस्सा डब्याला खड्डे पाडते आणि आपण तो पोटात घेतो. नागपूरकराच्या आतड्याला कोणता नंबर द्याल?

बुटीबोरी_शिफ्ट :
😂😂 नंबर नाही, आयएसआय मार्क.

संत्राबर्फी :
अंबाझरी दादा, आत्ताच एक डबा पाहिला. आहे रेघ. इइइ. टाकून देते.

गोकुळपेठी :
वहिनी, खूण नसलेल्या भांड्यासाठी एक साधी टेस्ट आहे. ज्याची खात्री आहे अशा काचेच्या कपात पाणी घ्यायचं. जे भांडं तपासायचं ते रिकामं, कोरडं, त्याच्या बाजूला ठेवायचं. फुल पॉवरवर १ मिनिट. मग हात लावून पाहायचं, जपून. पाणी तापलं आणि भांडं थंड, तर भांडं लहरी शोषत नाही, चालेल. भांडं तापलं आणि पाणी तसंच, तर ते भांडं बाद. कपातलं पाणी विसरायचं नाही, नुसतं रिकामं भांडं घालून मशीन फिरवायची नाही.

नंदनवन_नाना :
आमच्या वेळी असं काही नव्हतं. सकाळची भाजी दुपारी तशीच खायचो.

धरमपेठ_काकू :
नाना, आमच्या वेळी मे महिन्यात दुपारी भाजी आपोआपच गरम व्हायची.

जुना_व्हीआरसीईवाला :
गोकुळपेठी यांची टेस्ट बरोबर आहे पण अर्धी. थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

मायक्रोवेव्हच्या लहरी २४५० मेगाहर्ट्झच्या असतात. त्या मुख्यतः अन्नातल्या पाण्याला हलवतात, थोडंफार तेल आणि साखरेलाही. काच, चांगली भाजलेली चिनी माती, पीपी यांतून त्या आरपार जातात. म्हणून भांडं स्वतः तापत नाही, जे तापते ते आतल्या अन्नामुळे. मेलामाइन लहरी शोषून घेते आणि स्वतः तापते. कच्ची माती, म्हणजे कुल्हड, बिना ग्लेझचा (वरचा काचेसारखा चकचकीत थर नसलेला) वाडगा, यांच्या छिद्रांत पाणी मुरलेलं असते, ते तापते आणि भांडं तडकते. धातू लहरी परत फेकते.

आता टेस्ट अर्धी का? तिच्यात भांडं लहरी शोषते का एवढंच कळते. तापल्यावर भांड्यातून अन्नात काय उतरेल हे नाही कळत. समजा मेलामाइनचा एखादा वाडगा त्या एका मिनिटात फार तापला नाही, तरी तो बादच. त्याचं प्लास्टिक मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड या दोन रसायनांपासून बनते, आणि गरम, त्यातही आंबट पदार्थात (टमाटरची चटणी, कढी, चिंचेचं सार) ते थोडं थोडं उतरते. अमेरिकेच्या एफडीएचा (तिथलं अन्न-औषध प्रशासन) सल्लाही हाच आहे की मेलामाइनमध्ये अन्न मायक्रोवेव्ह करू नका. जुनं, चरे पडलेलं, चमक गेलेलं असेल तर आणखी वाईट.

आणि सोनेरी काठाच्या भांड्यावर तर टेस्ट करूच नका. तो काठ म्हणजे खऱ्या धातूचा पातळ थर असते. टेस्टमध्येच ठिणग्या उडतील, काठ काळा पडेल, आणि कधी तिथूनच प्लेट तडकेल.

खामला_वहिनी :
म्हणजे ओपलचा सेट गेला? सहा प्लेटा, बारा वाट्या, सगळ्यांना काठ आहे हो. नवऱ्याला दाखवते हे.

जुना_व्हीआरसीईवाला :
गेला कशाला? जेवायला वापरा. ओपल म्हणजे काचच, साधा पांढरा बिनाकाठाचा असेल आणि कंपनीनं खाली खूण केली असेल तर मायक्रोवेव्हमध्ये आरामात चालते. नुसती रंगीत फुलं असतील तरी बहुतेक चालते. फक्त सोनेरी-चंदेरी चमक नको.

बुटीबोरी_शिफ्ट :
माझा प्रश्न स्टीलचा. आमच्या कॅन्टीनमध्ये एक जण स्टीलचा डबाच ठेवते रोज. लोक ओरडतात, तो म्हणते इतके दिवस झाले, काही झालं का? आणि खरंच काही नाही होत. ठिणगी नाही, आवाज नाही. मग स्टील नाही चालत हे खोटं का?

जुना_व्हीआरसीईवाला :
त्याला विचारा वरण गरम होते का.

बुटीबोरी_शिफ्ट :
😂 नाही होत. वरून वाफ येते, चमचा घातला की खाली थंडगार. तीनतीनदा लावते बिचारा.

जुना_व्हीआरसीईवाला :
तेच ना. स्टीलच्या भिंतीतून लहरी आत जात नाहीत, फक्त वरच्या तोंडातून जेवढ्या जातील तेवढ्या. मशीनच्या दाराला जी बारीक भोकांची जाळी असते ती याच कारणाने असते, लहर असते १२ सेंटीमीटरची, ती त्या भोकांतून बाहेर निघू शकत नाही. ठिणगी पडते ती टोकाला आणि पातळ काठाला. काटाचमचा, चुरगळलेली अॅल्युमिनियम फॉइल, सोनेरी किनार, पाकिटाला बांधलेली तार. गुळगुळीत, जाड, गोल स्टीलच्या वाटीला टोक नाही म्हणून बरेचदा निभावते. पण तीच वाटी आतल्या भिंतीला टेकली, की दोन धातूंच्या मध्ये ठिणगी पडू शकते. आणि भरपूर धातू, थोडं अन्न असं रोज चाललं तर परत फेकलेल्या लहरी मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागावरच, जातात, त्याचं आयुष्य कमी होते. कॅन्टीनचं मशीन आहे म्हणून तुमच्या मित्राला फिकीर नाही.

तर्रीबाज :
मशीन कंपनीचं, वरण घरचं. हिशोब बरोबर आहे त्याचा.

मानेवाडा_मॉम :
मध्येच विचारते, पोहे कागदात आणले तर कागदासकट ३० सेकंद ठेवले तर? तर्री वेगळी असते, ती मी वाटीत घेते.

धरमपेठ_काकू :
वर्तमानपत्राचा कागद असेल तर मुळीच नाही! एक तर तो पेटू शकते, दुसरं म्हणजे शाई. वर्तमानपत्रात अन्न बांधू नका हे एफएसएसएआयनं (आपलं अन्न सुरक्षा प्राधिकरण) २०१६ मध्येच सांगितलंय, गरम करायची तर गोष्टच सोडा. पण आपल्याकडे पोहेवाल्याकडे अजून तेच. पोहे ताटलीत काढा, पाण्याचा हबका मारा, मग ठेवा. आणि वरून सांबार नंतर टाका, आधी टाकला तर काळा पडते.

पुणेरी_पाहुणा :
पोह्यांवर सांबार?? इडलीचं?

धरमपेठ_काकू :
पाहुणे, बसा. पाणी घ्या. कोथिंबीर हो, कोथिंबीर.

तर्रीबाज :
पुण्याहून आले, त्यांना चमचाभर तर्री द्या, तहानेनं बोलणंच बंद होईल.

गोकुळपेठी :
विषयावर या रे. काचेबद्दल कोणीच नाही सांगितलं. वहिनीचे यजमान म्हणतात काच आहे मग चालते, ते सरसकट बरोबर नाही. चहाचा साधा ग्लास, लोणच्याची रिकामी बाटली, जॅमची बाटली, यांना गरम-थंडचा झटका सहन नाही होत. आमच्या शेजारी जॅमच्या बाटलीत तूप वितळवलं, बुडाची चकती अशी स्वच्छ कापल्यासारखी वेगळी झाली आणि तूप सगळ्या काचेच्या थाळीवर.

जुना_व्हीआरसीईवाला :
बरोबर. काचेत तीन प्रकार लक्षात ठेवा. बोरोसिलिकेट, ही तापल्यावर साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश फुगते, म्हणून तडकत नाही. दुसरी टफन केलेली सोडा-लाइम, म्हणजे साधीच काच पण कडक केलेली, ही पडली तर लवकर फुटत नाही पण तापमानाचा झटका बोरोसिलिकेटइतका सहन करत नाही, आणि फुटली की बारीक बारीक तुकडे. तिसरी साधी, बरण्या-बाटल्यांची. आपण इतवारीत भांड्यांच्या दुकानात जाऊन 'बोरोसिल द्या' म्हणतो ते कंपनीचं नाव आहे, त्या कंपनीचं ओपलही येते. म्हणून खोक्यावर 'बोरोसिलिकेट' हा शब्द वाचून घ्या.

आणि बोरोसिलिकेट असली तरी फ्रीजरमधून काढून सरळ १० मिनिटं फुल पॉवर, किंवा गरम डबा काढून ओल्या ओट्यावर, हे नको. खाली कोरडं फडकं टाका. चिर गेलेली काच तर वापरूच नका.

मानेवाडा_मॉम :
काचेच्या डब्यांचं झाकण? माझ्याकडे चार बाजूंनी खटके लागणारे आहेत.

गोकुळपेठी :
झाकण काढून ठेवा. काच चालते म्हणून झाकण चालेलच असं नाही, झाकण वेगळ्या प्लास्टिकचं असते, आतली रबरी कडी वेगळी. आणि खटके लावून तर कधीच नाही, वाफ जाणार कुठे? काचेची बशी तिरकी ठेवा वर. उडतही नाही.

संत्राबर्फी :
मगांचं सांगा कोणी. माझ्याकडे खुर्जाचे दोन मग आहेत, दिसायला सारखेच. एकात दूध गरम केलं तर कान थंड, दुसऱ्याचा कान असा तापते की धरवत नाही. दूध दोन्हीत सारखंच.

जुना_व्हीआरसीईवाला :
दुसऱ्याच्या ग्लेझला बारीक जाळीसारख्या रेषा गेल्या असतील, किंवा बुडाशी ग्लेझ नसलेली खरबरीत कड असेल. धुताना तिथून पाणी मुरते, मग तेच तापते. दिवसभर उन्हात वाळवून पुन्हा करून पाहा, फरक पडेल. तरी तापलाच तर पेन-स्टँड करा त्याचा. आणि चमचमणारं, धातूसारखं ग्लेझ असलेले मग ठेवूच नका. हाताने भडक रंगवलेलं, कुठून आलं माहीत नाही असं भांडं असेल तर गरम आणि आंबटासाठी वापरू नये, जुन्या रंगांत शिसं असायचं.

संत्राबर्फी :
चष्मा लावून पाहिलं. रेषा आहेत! चहाने तपकिरी झाल्यात.

प्रतापनगर_सर्व्हिस :
मी हीच मशीनं दुरुस्त करतो, एक गोष्ट सांगतो जी कोणी बोललं नाही. लोक फोन करतात, 'भाऊ, काचेचं भांडं ठेवलं तरी ठिणग्या उडून राहिल्या, भांडं खराब आहे का'. भांडं बरोबर असते. आत उजव्या भिंतीला एक कागदासारखा करड्या रंगाचा चौकोन असते, तो अभ्रकाचा पत्रा. लोक त्याला पुठ्ठा समजतात, काही तर पॅकिंग समजून उपटून टाकतात. उपटायचा नाही. त्याच्यावर भाजीचे, तेलाचे शिंतोडे उडून वाळतात, मग तिथे जळते आणि ठिणगी पडते. आधी प्लग काढा, मग ओल्या फडक्यानं हलकं पुसा. भोक पडलं असेल तर पत्रा बदलायचा, तोपर्यंत मशीन लावू नका. झाकून गरम केलं तर ही वेळच येत नाही. आणि मशीनचं बाहेरचं कव्हर घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) करंट राहते. जीवावर येते.

नंदनवन_नाना :
हे मात्र उपयोगी सांगितलं. आमच्या मुलाच्या घरी तो पुठ्ठा सुनेनं काढून ठेवला होता म्हणे, 'फालतू दिसते' म्हणून. आत्ताच फोन लावतो.

अंबाझरी_वॉकर :
वहिनी, तुमचं मशीन कन्व्हेक्शनचं आहे ही गोष्ट सगळे विसरले. भांड्याचा नियम मोडप्रमाणे बदलते. मायक्रोवेव्ह मोडला काच, ओपल, चिनी माती, खूण असलेलं प्लास्टिक. कन्व्हेक्शनला आत गरम हवा असते, १८०-२०० डिग्री, तिथे 'मायक्रोवेव्ह सेफ' प्लास्टिकही वितळते, पण केकचा अॅल्युमिनियमचा टिन आणि स्टील तिथे चालते. ग्रिललाही प्लास्टिक नाही. आणि कॉम्बिनेशन, म्हणजे दोन्ही एकत्र, तिथे धातूही नको आणि प्लास्टिकही नको, फक्त ओव्हनची काच आणि मशीनसोबत आलेली जाळी. बहुतेक गोंधळ इथेच होते, केक झाल्यावर तोच टिन आत ठेवून लोक 'जरा गरम करू' म्हणून मायक्रोवेव्हचं बटण दाबतात.

खामला_वहिनी :
वा, हे पुस्तकात नव्हतं, म्हणजे असेल, पण इंग्रजीत बारीक अक्षरात.

बरं, पाण्याची टेस्ट करून पाहिली सगळ्यांवर. काचेचे डबे थंड. चिनी मातीचे मगही थंड, एक सोडून. ओपलच्या बारा वाट्यांत नीट पाहिलं तर चार वाट्या दुसऱ्या सेटच्या निघाल्या, बिनाकाठाच्या, खाली लाटांची खूणही आहे, त्या आता वरच्या फळीवर. काळे डबे भंगारवाल्यासाठी बांधून ठेवले, कोरडा मसाला ठेवायला दोन ठेवले. मेलामाइनचं सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, 'मी कधी म्हटलं त्यात गरम करा? मी म्हटलं जपून वापरा.' मी काय बोलू! नवऱ्याला ओळखायला मेलामाइन आणि ओपलचं एकेक ताट समोर ठेवलं, त्यानं टिचकी मारून बरोबर सांगितलं, आता घरभर टिचक्या मारत फिरून राहिला.

तर्रीबाज :
त्याला सर्व्हिसवाल्या भाऊकडे कामाला लावा.

माझा मुलगा शिकायला पुण्याला गेला, रूमवर मित्राचा मायक्रोवेव्ह आहे. त्याला एकच भांडं घेऊन द्यायचं असेल तर कोणतं? (हो, गॅस नाही त्याच्याकडे. बोला आता काय बोलायचं ते.)

धरमपेठ_काकू :
😂 आज आम्ही काही नाही बोलणार.

गोकुळपेठी :
बोरोसिलिकेटचा गोल वाडगा, साधारण एक लिटरचा, झाकण काचेचं असलेला. चौकोनी घेऊ नका, चौकोनीत कोपरे आधी तापून वाळतात आणि मधला भात थंड राहते. खिचडी, मॅगी, आलू उकडणं, सगळं त्यात होते. अंडं मात्र कवचासकट ठेवू नको म्हणून सांगा, फुटते. उकडलेलं, सोललेलंसुद्धा फुटते, कधी तर खाताना तोंडात.

जुना_व्हीआरसीईवाला :
आणि चहासाठी नुसतं पाणी त्यात जास्त वेळ उकळू नको म्हणा. गुळगुळीत नव्या काचेत पाणी कधी कधी १०० च्या वर जाऊनही उकळत नाही, चमचा किंवा चहापत्ती पडली की एकदम उसळून हातावर येते. आधीच आत एक लाकडी चमचा ठेवला की झालं.

तर्रीबाज :
लाकडी चमचा मायक्रोवेव्हमध्ये चालते?

जुना_व्हीआरसीईवाला :
पाण्यात बुडवून दोन-तीन मिनिटं चालते. रोज, बराच वेळ ठेवला तर वाळून तडकते. चमचा स्वस्त असते.